पहिल्या गाडीपूर्वी

आगगाडीच्या खिडकीशी बसलेला प्रवासी डोंगर पाहतो, नद्या पाहतो, स्टेशनांच्या पाट्या वाचतो. परंतु ज्या खडीवरून आपली गाडी चालली आहे तिच्याकडे त्याचे लक्ष सहसा जात नाही. रुळांच्या आजूबाजूला टाकून दिलेले दगड, एवढीच तिच्याविषयी बहुतेकांची समजूत असते. वास्तविक लोहमार्गाचा सारा भार अखेरीस तीच पेलते. चाकाचा दाब रुळावर येतो, रूळ तो स्लीपरांवर वाटून देतो, स्लीपर खडीवर, आणि खडी तो दूरवर पसरून खालच्या मातीच्या हवाली करते. पावसाचे पाणी तिच्यातून निथळून जाते. मार्ग कोठे खचला तर रूळ किंचित उचलून स्लीपरखाली थोडी खडी ठोसली की तो पुन्हा सपाट होतो. १८५३ च्या १६ एप्रिल रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, त्यानंतर इंजिने बदलली, डबे बदलले, कोळसा जाऊन वीज आली. खडीचे काम मात्र आजही बहुतेक मार्गांवर जुन्याच पद्धतीने चालू आहे.

या व्यवस्थेत एक उणीव आहे, आणि ती तिच्या गुणातूनच जन्मलेली आहे. खडी हलते म्हणून मार्ग दुरुस्त करता येतो; आणि ती हलते म्हणूनच तो पुनःपुन्हा दुरुस्त करावा लागतो. प्रत्येक गाडीच्या धक्क्याने दगड केसभर सरकतात, एकमेकांवर घासून त्यांच्या कडा झिजतात, त्यांचे पीठ होते, त्यात धूळ व चिखल मिसळतो, आणि ज्या पोकळ्यांतून पाणी निथळावयाचे त्या बुजून जातात. मग एखादा स्लीपर अधांतरी लोंबकळतो, एखादा खोल बसतो. हे सारे सांभाळण्यासाठी गँगमनांच्या टोळ्या शंभर वर्षे उन्हातान्हात राबल्या. मुकादमाच्या हाकेसरशी लय धरून खडी ठोकणारी माणसे हे लोहमार्गाच्या कडेचे नित्याचे दृश्य होते. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वित्झर्लंड व ऑस्ट्रिया या देशांत खडी ठोकणारी यंत्रे तयार झाली आणि माणसांच्या खांद्यावरील ओझे बरेच हलके झाले. तथापि यंत्र काय किंवा माणूस काय, दोघांनाही काम करण्यासाठी रिकामा मार्ग लागतो. दिवसातून चार गाड्या जाणाऱ्या मार्गावर तो हवा तेवढा मिळतो. जेथे दोन-तीन मिनिटांनी एक गाडी जाते, तेथे तो कोठून आणावयाचा?

मुंबईकरांना या प्रश्नाची ओळख रविवारच्या मेगाब्लॉकमुळे चांगलीच झालेली आहे. टोकियो शहरात तो अधिक तीव्रतेने उभा राहिला. त्या शहराच्या मध्यभागाला वेढणारा यामानोते नावाचा ३४.५ किलोमीटरांचा वर्तुळाकार मार्ग १९२५ साली पूर्ण झाला. त्यावरून मध्यरात्र उलटेपर्यंत गाड्या धावतात आणि पहाटे साडेचारच्या सुमारास पुन्हा सुरू होतात. मधले जे तीन-साडेतीन तास उरतात, त्यांतच वीज बंद करावयाची, अवजारे न्यावयाची, काम करावयाचे, अवजारे परत आणावयाची आणि मार्ग निर्धोक असल्याची खात्री करावयाची. एवढ्या अवधीत खडी ठोकून होते; परंतु ती ठोकण्याची गरजच राहू नये असा पक्का पाया जुन्या रुळांखाली घालता येईल काय, असे कोणी विचारले तर कोणताही गवंडी हसला असता. आज ओतलेल्या काँक्रीटवर उद्या कोणी पाऊल ठेवू देत नाही. त्यावर दिवसचे दिवस पाणी मारावे लागते, आणि इंजिनिअर लोक त्याची ताकद मोजतात ती अठ्ठाविसाव्या दिवशी. अठ्ठावीस दिवसांचे काम तीन तासांत करावयाचे, असा हा पेच होता.

त्वरेने धरणाऱ्या सिमेंटचा शोध मात्र रेल्वेहून जुना आहे. १७९६ साली जेम्स पार्कर या इंग्रज गृहस्थाने थेम्सच्या मुखाजवळील शेपी बेटाच्या किनाऱ्यावर सापडणारे मातकट चुनखडीचे गोळे भाजून व दळून एक सिमेंट तयार केले आणि त्याचे पेटंट घेतले. प्राचीन रोमन लोकांच्या मालाशी त्याचा काडीचाही संबंध नसताना त्याला ‘रोमन सिमेंट’ असे भारदस्त नाव मिळाले. जाहिरातीची ही कला आजकालची नाही! परंतु ते सिमेंट पाण्यातसुद्धा काही मिनिटांत धरत असे, ही गोष्ट खरी होती. १८२५ साली मार्क ब्रुनेल यांनी थेम्स नदीच्या तळाखालून बोगदा खणावयास आरंभ केला, तेव्हा विटांचे अस्तर सांधण्यासाठी त्यांनी याच सिमेंटचा आश्रय घेतला. डोक्यावर नदी, समोर ओली माती, आणि ती कोसळण्यापूर्वी विटांची कमान उभी राहावयास हवी. तरीही नदी पुनःपुन्हा आत घुसली. १८२८ च्या जानेवारीत झालेल्या दुसऱ्या आघातात सहा कामगार प्राणांस मुकले, आणि मार्क यांचा तरुण मुलगा इझाम्बार्ड थोडक्यात वाचला. पुढे इंग्लंडातील नामांकित रेल्वे-इंजिनिअर म्हणून गाजला तो हाच. हा बोगदा १८४३ साली पादचाऱ्यांसाठी उघडला आणि १८६९ पासून त्यातून आगगाड्या धावू लागल्या.

दरम्यान १८२४ साली जोसेफ अ‍ॅस्पडिन याने पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले होते. त्याच्या पद्धतीत पुढे इतरांनी सुधारणा केल्या, आणि हे सावकाश धरणारे परंतु अधिक बळकट होणारे सिमेंट जगभर पसरले. घाईच्या सिमेंटाची आठवण पुन्हा झाली ती फ्रान्समध्ये. लाफार्ज कंपनीतील ज्यूल बिए या रसायनज्ञाने १९०८ साली चुनखडी व बॉक्साइट एकत्र वितळवून अ‍ॅल्युमिनायुक्त सिमेंट तयार करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्याचा मूळ हेतू वेगाचा नव्हता. जमिनीतील गंधकी क्षारांनी नेहमीचे सिमेंट कुजते, तसे न कुजणारे सिमेंट त्याला हवे होते. पण पोर्टलँड सिमेंटला जी ताकद यावयास चार आठवडे लागत, ती या नव्या सिमेंटला एका दिवसात येते असे आढळून आले. पहिल्या महायुद्धात तोफांचे चौथरे उभारण्यास ते उपयोगी पडले. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात शाळा व कारखाने भराभर उभारावयाचे होते, तेव्हा त्याच्या तुळया साच्यांतून ओतून काढल्या गेल्या. साचा दुसऱ्या दिवशी मोकळा होई आणि कारखानदार खूश होई.

या घाईचा हिशेब १९७४ च्या फेब्रुवारीत झाला. लंडनच्या स्टेपनी भागातील एका शाळेत पोहण्याच्या तलावावरील छपराच्या तुळया कोसळल्या. त्या वेळी तलावात मुले नव्हती, म्हणूनच ही हकिकत आज शांतपणे सांगता येते. चौकशीअंती असे दिसून आले की, अ‍ॅल्युमिनायुक्त सिमेंटमध्ये आरंभी जे स्फटिक बनतात ते कायमचे नसतात. ऊब आणि ओल मिळाली म्हणजे वर्षानुवर्षे त्यांचे हळूहळू दुसऱ्या, अधिक घट्ट स्फटिकांत रूपांतर होते, मध्ये सूक्ष्म पोकळ्या पडतात, आणि काँक्रीटची ताकद उतरते. ऊब व ओल यांचे पोहण्याच्या तलावाइतके सोयीचे घर दुसरे कोणते? बाहेरून तुळई जशीच्या तशी दिसत होती. त्यानंतर इंग्लंडात इमारतींचा भार घेण्याच्या कामातून हे सिमेंट जवळजवळ हद्दपार झाले. पहिल्या दिवशीची ताकद पाहून विसाव्या वर्षीची ताकद गृहीत धरू नये, हे त्या प्रकरणापासून प्रत्येक सावध इंजिनिअर जाणतो. पुढे जे शीघ्र धरणारे सिमेंट निघाले त्याला या परीक्षेतून जावे लागले.

आता जपानकडे पुन्हा वळावयास हरकत नाही. १९६४ च्या १ ऑक्टोबर रोजी तोकाइदो शिंकान्सेन हा टोकियो ते ओसाका ५१५ किलोमीटरांचा नवा मार्ग खुला झाला, आणि ताशी २१० किलोमीटर वेगाने गाड्या धावू लागल्या. साऱ्या जगाने या मार्गाचे कौतुक केले. ते योग्यच होते. परंतु या नव्या मार्गाखाली जुनीच खडी होती, आणि मार्गाचा बराच भाग मातीच्या भरावांवर होता. गाड्यांची संख्या अपेक्षेपेक्षा झपाट्याने वाढली. मध्यरात्री ते पहाटे सहा हा वेळ मार्गाच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवलेला असूनही तो पुरेनासा झाला. अखेर १९७६ ते १९८२ या काळात चाळीसहून अधिक वेळा अर्धा-अर्धा दिवस गाड्या बंद ठेवून रूळ व तारा बदलाव्या लागल्या. त्या वेळी मीटरला त्रेपन्न किलो वजनाचे जुने रूळ काढून साठ किलोंचे घालण्यात आले. जपानी लोकांनी या कामाला ‘तारुण्य परत आणण्याचे काम’ असे नाव दिले होते. ज्या मार्गाला दहा-बारा वर्षांतच तारुण्य परत आणावे लागते, त्याची प्रकृती किती खालावली असेल याची कल्पना या नावावरूनच येते.

हे संकट पुरते दिसण्याआधीच, १९६५ साली, जपानच्या राष्ट्रीय रेल्वेने खडीविना मार्गाचा अभ्यास सुरू केला होता. त्यातून निघालेली युक्ती साधी आणि म्हणूनच सुंदर आहे. सुमारे पाच मीटर लांबीची काँक्रीटची फरशी कारखान्यात सावकाश, सर्व नियम पाळून तयार करावयाची. तिला पुरेसे पाणी मिळते, पुरेसे दिवस मिळतात. मग ती पुलावर किंवा बोगद्यात आणून नेमक्या उंचीवर बसवावयाची आणि तिच्याखाली सुमारे पाच सेंटिमीटरांची जी फट उरते तेवढीच जागेवर भरावयाची. ही फट भरण्यासाठी सिमेंट, वाळू व पाण्यात मिसळलेले डांबर यांचा एक पातळ माल शोधून काढण्यात आला. सिमेंटने त्याला भार पेलण्याची शक्ती दिली आणि डांबराने किंचित लवचीकपणा दिला. त्यात अ‍ॅल्युमिनियमची पूड थोडी घातली म्हणजे माल धरताना जरासा फुगतो आणि फरशीच्या पोटाला घट्ट चिकटून बसतो. १९७२ साली ओकायामापर्यंत गेलेल्या सान्यो शिंकान्सेनच्या काही भागात ही पद्धत वापरण्यात आली. १९७५ साली तोच मार्ग हाकातापर्यंत पोहोचला, तेव्हा ओकायामाच्या पुढील दोन-तृतीयांशाहून अधिक लांबीत रुळांखाली खडीऐवजी फरशी होती. त्याच वर्षांत, म्हणजे १९७२ साली, जर्मनीतही रेडा या स्टेशनात असाच एक प्रयोग झाला आणि त्या गावाचे नाव तेथील पद्धतीला कायमचे चिकटले.

परंतु हे सारे प्रामुख्याने नव्या मार्गांसाठी होते. नवा मार्ग बांधताना माल धरेपर्यंत थांबता येते. पहाटेच्या गाडीची घंटा तेथे वाजत नसते. यामानोतेसारख्या जुन्या मार्गाखाली फरशी घालावयाची तर रूळ, स्लीपर, खडी सर्व उपटावे लागले असते. तेथे वेगळी वाट काढणे भाग होते.

ही वाट सापडण्यास अमेरिकेतील एका शोधाची मदत झाली. १९६० नंतरच्या दशकात तेथील पोर्टलँड सिमेंट असोसिएशनच्या प्रयोगशाळेत, भाजणीच्या वेळी फ्लुओरिनचा अंश असलेले एक अ‍ॅल्युमिनेट सिमेंटच्या घटकांत मिसळण्याची पद्धत निघाली. हे सिमेंट मिनिटांत धरते आणि दोन-तीन तासांत भार घेऊ लागते. शिवाय लिंबात असणाऱ्या सायट्रिक आम्लासारखा एखादा पदार्थ थोडा घातला की ते धरण्याची वेळ काही मिनिटे पुढे ढकलता येते. म्हणजे माल कालवून ओतण्याइतकी उसंत मिळते आणि ओतल्यावर मात्र तो दिरंगाई करीत नाही. जपानी कारखान्यांनी हे सिमेंट ‘जेट सिमेंट’ या नावाने बाजारात आणले. विमानाच्या वेगाचे नाव सिमेंटला देण्यात पार्करचीच परंपरा चालू राहिली, असे म्हणावे लागेल.

१९८७ साली जपानची राष्ट्रीय रेल्वे विभागली गेली आणि टोकियोचे मार्ग पूर्व जपान रेल्वे कंपनीकडे आले. १९९० नंतरच्या दशकात या कंपनीने जुन्या मार्गांसाठी एक पद्धत सिद्ध केली आणि दशकाच्या अखेरीस यामानोते व इतर गजबजलेल्या मार्गांवर ती अमलात आणावयास सुरुवात केली. काम एकाच रात्रीत पुरे करण्याचा हट्ट तिच्यात नाही, हेच तिचे शहाणपण. आधीच्या रात्री जुनी, पीठ झालेली खडी काढून स्वच्छ खडी भरतात, खाली न विणलेल्या कापडाचा थर अंथरतात म्हणजे माल मातीत झिरपत नाही, आणि अरुंद स्लीपरांच्या जागी सुमारे चाळीस सेंटिमीटर रुंदीचे काँक्रीटचे स्लीपर बसवतात. सकाळी नेहमीच्या गाड्या या खडीवरून धावतात. त्यांच्या वजनाने खडी नीट बसते. म्हणजे जो प्रवासी कामाला अडथळा होता तोच नकळत कामाला लागतो. पुढच्या एखाद्या रात्री रुळांची उंची शेवटची जुळवून घेतात आणि शीघ्र धरणारा पातळ माल खडीवर ओततात. तो दगडांच्या फटींतून खाली उतरतो, पोकळ्या भरतो आणि पहाटेपूर्वी धरतो. काल जे सुटे दगड होते, त्यांचा आज स्लीपरांसह एक अखंड थर झालेला असतो. पहिली गाडी वेळेवर जाते आणि तीत पेंगणाऱ्या प्रवाशाला आपल्या पायांखाली रात्रीतून काय घडले याचा पत्ताही नसतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. दुरुस्तीचा खर्च पुढे वाचतो, हे उत्तर खरे आहे. परंतु ते पुरेसे नाही. १९९९ च्या फेब्रुवारीत यामानोतेलगतच्या मालमार्गावर मध्यरात्रीनंतर सिग्नलच्या कामावर असलेले पाच कामगार गाडीखाली सापडून मृत्यू पावले. त्या अपघाताचा खडीशी संबंध नव्हता. पण रात्रीच्या अंधारात, घड्याळाकडे पाहत, रुळांवर उभे राहून काम करणे म्हणजे काय, हे त्याने साऱ्या देशाला दाखवले. मार्गाला हात लावण्याच्या रात्री जितक्या कमी होतील, तितक्या वेळा माणसे त्या अंधारात उतरणार नाहीत. शिवाय जपानात तरुणांची संख्या घटत चालली आहे, आणि रात्रपाळीला खडी ठोकण्यासाठी येणारे हात दरवर्षी कमी होत आहेत. आपल्याकडे गँगमनच्या जागांसाठी अर्जांचे ढीग पडतात, म्हणून ही अडचण आपणांस परकी वाटते. अंधारात काम करणाऱ्याच्या जिवाची किंमत मात्र दोन्हीकडे सारखीच असावयास हवी.

या पद्धतीलाही दोष आहेत. खडी एकदा घट्ट झाली की तिची जुनी क्षमाशीलता जाते. खालची माती खचली तर टिकाव घालून दोन दगड ठोसण्याची सोय उरत नाही. काँक्रीट फोडावे लागते किंवा रुळाच्या बैठकीखाली पट्ट्या सारून उंची साधावी लागते, आणि तिलाही मर्यादा आहे. म्हणून माती भरवशाची असेल तेथेच हे काम करावे लागते. सुटी खडी गाडीचा आवाज बरीचशी शोषून घेते. फरशीचा मार्ग तो परत फेकतो. त्यामुळे वस्तीतून जाणाऱ्या फरशीच्या मार्गावर आवाज शोषणारे थर पसरण्याची पाळी आली. थंड मुलखात सिमेंट-डांबराच्या मालात पाणी शिरून गोठते आणि त्याच्या कडा ढासळतात; तेथे मिश्रण बदलावे लागले. हे दोष सांगितले म्हणजे शोधाची योग्यता कमी होते असे नाही. उलट, शोध लावणाऱ्यांनीच ते मोकळेपणी मोजले, ही गोष्ट स्टेपनीच्या शाळेची हकिकत ऐकल्यावर विशेष महत्त्वाची वाटते.

बडोद्याच्या रहिवाशांना या इतिहासाचा एक धागा आता आपल्या शहरातच पाहावयास मिळतो. मुंबई ते अहमदाबाद या ५०८ किलोमीटरांच्या शीघ्रगती मार्गावर जपानी पद्धतीची फरशी बसवली जात आहे. या फरश्या आणंद आणि सुरतेजवळील कीम येथील कारखान्यांत तयार होतात. एकेक फरशी ४.९ मीटर लांब, २.२ मीटर रुंद आणि १९ सेंटिमीटर जाड असून तिचे वजन सुमारे ३.९ टन भरते. तिच्याखाली भरला जाणारा माल सिमेंट व डांबराचा आहे, १९६५ च्या त्या अभ्यासाचाच वंशज. हा मार्ग नवा आणि बव्हंशी खांबांवरचा असल्याने येथे पहाटेच्या गाडीचा तगादा नाही. आपल्या जुन्या गजबजलेल्या मार्गांची गोष्ट निराळी आहे. तेथे अद्याप मुख्य भिस्त खडीवर आणि रविवारच्या मेगाब्लॉकवरच आहे. मोठ्या स्टेशनांच्या फलाटांलगत, डबे धुण्याच्या पाण्याने खडी चिखलते म्हणून, काँक्रीटची पक्की बैठक घालतात. पण तेवढ्यासाठीही फलाट दिवसचे दिवस बंद ठेवावा लागतो, हे प्रवाशांच्या परिचयाचे आहे.

ज्या तोकाइदो मार्गाच्या आजाराने हा विचार प्रथम निकडीचा केला, तो मार्ग आजही बहुतांशी खडीवरच आहे. त्याचे भराव मातीचे आहेत, आणि दररोज शेकडो गाड्या वाहणारा मार्ग उपटून पुन्हा बांधण्याइतका अवकाश कोणी देऊ शकत नाही. म्हणून तेथे अजूनही रोज रात्री यंत्रे उतरतात, खडी ठोकली जाते, जीर्ण झालेली खडी चाळून बदलली जाते. सर्वांत शेवटी प्रखर दिवे लावलेले एक लहानसे वाहन त्या मार्गावरून धावत जाते. एखादे अवजार, एखादा विसरलेला पाना रुळांवर राहिला आहे काय, हे त्यातील माणसे पाहतात. ते वाहन आपला टप्पा पुरा करून बाजूच्या रुळावर जाते, आणि मग सहा वाजता पहिली गाडी सुटते.